विसरलेला संशोधक कसा शोधायचा, आणि त्यात कलियुग कुठे बसवायचं

कुठल्याही नव्या यंत्राचा विषय निघाला की आपल्याकडे दोन बोलणी ठरलेली असतात. हे सगळं आपल्या पूर्वजांकडे सत्ययुगातच होतं, हे एक, आणि आता कलियुग चालू आहे, आता काय चांगलं व्हायचंय, हे दुसरं. या दोन्हींच्या मध्ये जो माणूस हरवतो तो म्हणजे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गिरगावात नाहीतर काळबादेवीत एखाद्या खोलीत बसून खरंच काहीतरी बनवणारा, ज्याचं नाव आहे, गाव आहे, कागदपत्रं आहेत, पण कोणी जाऊन बघत नाही. मला या माणसांबद्दल फार वाटतं. म्हणून अशा माणसाचा शोध कसा घ्यायचा, पुरावा कसा तपासायचा आणि लिहायचं कसं ते इथे लिहितोय. उदाहरणं मुद्दाम मुंबईच्या छपाईच्या धंद्यातली जास्त घेतली आहेत, कारण तिथे आपली माणसं भरपूर आहेत आणि बहुतेकांची नावं आज कोणाला सांगता येत नाहीत.

आधी युगांचं नीट समजून घ्या, नाहीतर पुढे प्रत्येक पानावर अडकाल. हिशोब सोपा आहे, कलियुग ४,३२,००० वर्षांचं, द्वापार त्याच्या दुप्पट, त्रेता तिप्पट, कृत म्हणजे सत्ययुग चौपट, सगळं मिळून ४३,२०,००० वर्षांचं एक महायुग. कलीची सुरुवात पारंपरिक गणिताने इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये धरतात, म्हणजे आत्ता कुठे पाच हजारांवर थोडी वर्षं झालीत, अजून सव्वाचार लाखांहून जास्त बाकी आहेत. सत्यनारायणाच्या संकल्पात गुरुजी ‘कलियुगे प्रथमचरणे’ म्हणतात ते त्यामुळेच. आता युगागणिक काय कमी होतं म्हणून सांगितलंय? धर्म. चार पायांचा बैल आणि दर युगात त्याचा एक पाय कमी, हे चित्र सगळ्यांना माहीत असतं. यंत्रं कमी होत जातात असं कुठेही म्हटलेलं नाही!

उलट पुराणं उघडून वाचली तर वेगळंच निघतं. वायुपुराणात कृतयुगातल्या माणसांना घरंच नाहीत, ती डोंगरांवर नाहीतर समुद्राकाठी राहतात, त्यांना कशाची गरजच नसते. त्रेतात झाडंच सगळं देतात, कपडे, मध, निवारा, मग माणसांना हाव सुटते, हे झाड माझं ते झाड माझं सुरू होतं आणि झाडं नाहीशी होतात, थंडी-ऊन बोचायला लागतं, आणि मग माणसं अंगुळाने मोजमाप करून घरं बांधतात, झाडाच्या फांद्या कशा पसरतात ते बघून त्याच रचनेची घरं, गावं वसवतात, नंतर शेती येते. विष्णुपुराणातही क्रम साधारण हाच, आधी अडचण आणि मग हाताची कारागिरी. पृथू राजाची गोष्ट घ्या, तो जमीन सपाट करतो आणि मग नांगरट सुरू होते. म्हणजे पुराणांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार सत्ययुगात विमान सोडा, साधी झोपडीसुद्धा नव्हती, आणि कौशल्य ही पडत्या काळात माणसाने आपल्या हाताने कमावलेली गोष्ट आहे. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण यात संशोधकाला सन्मानाची जागा आहे.

विष्णुपुराणाच्या सहाव्या अंशात तर व्यास गंगेत डुबकी मारून वर येतात आणि ‘कली चांगला’ असं म्हणतात, ऋषी चकित होतात. व्यासांचं कारण असं की कृतयुगात दहा वर्षांत जे पदरात पडतं ते त्रेतात एका वर्षात, द्वापारात महिन्यात आणि कलीत एका दिवसरात्रीत. हे पुण्याबद्दल आहे, तंत्रज्ञानाबद्दल नाही, ओढूनताणून तसं लावू नका. पण कलियुग म्हणजे नुसता अंधार हे परंपरेचंही एकमुखी मत नव्हतं एवढं त्यातून पक्कं दिसतं. आर्यभटाने तर महायुगाचे चार समान भाग केले, प्रत्येकी १०,८०,००० वर्षं, त्यावरून पुढे ब्रह्मगुप्ताने त्याच्यावर टीकाही केली. आर्यभट स्वतःचं वय कलीवरूनच सांगतो, कलीची ३,६०० वर्षं झाली तेव्हा मी २३ वर्षांचा होतो, आणि त्यावरून आपल्याला ४९९ हे साल मिळतं. म्हणजे युग हे त्याच्या हातात तारीख लिहायचं साधन होतं. तुम्हीही ते तसंच वापरा.

म्हणून पहिलं काम म्हणजे सन-शकांची उलटापालट हातात बसवणं. जुन्या मराठी पुस्तकांवर, पंचांगांवर, शिलालेखांवर इसवी सन बरेचदा नसतोच. शके दिलं असेल तर ७८ मिळवा, आणि तारीख जानेवारी ते फाल्गुन अखेर यांच्यामधली असेल तर ७९. पंचांगात गतकली, म्हणजे कली सुरू झाल्यापासून सरलेली वर्षं, दिलेलं असेल तर त्यातून ३,१७९ वजा केले की शके मिळतं. जमिनीच्या, महसुलाच्या कागदात फसली सन भेटेल, दख्खनच्या फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे. पेशवाईतल्या मोडी कागदावर शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. ही आकडेमोड वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. एका वर्षाची चूक झाली तरी वर्तमानपत्राचा चुकीचा खंड मागवला जातो आणि अख्खा दिवस जातो.

आता माणूस निवडा. ‘प्राचीन भारतातले संशोधक’ असा विषय घेऊ नका, हाताला काही लागणार नाही. एक नाव, एक गाव, एक दशक आणि एक वस्तू, एवढं असेल तर काम सुरू होतं. गणपत कृष्णाजींचं घ्या. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम बघून बघून शिकलेला माणूस, त्यांनी स्वतःचा शिळाप्रेस, म्हणजे दगडावरून छापायचा छापखाना, उभा केला, शाई स्वतः करून बघितली, दगड कुठला चालतो ते तपासलं, आणि १८३१ मध्ये, शके १७५३ चं मराठी पंचांग छापून काढलं. तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळ्याओवळ्याची माणसं छापील कागदाला हात लावायला तयार नसत, तर धार्मिक पुस्तकांसाठी तुपातली शाई वापरली. माझ्या मते हा शंभर टक्के शोध आहे, गिऱ्हाइकाची अडचण ओळखून मालाची रेसिपी बदलणं याला दुसरं काय म्हणणार. आणि बघा, गतकली किती झालं ते दरवर्षी घराघरात सांगणारं पंचांग छापील स्वरूपात पोचवायला ज्या माणसाने सुरुवात केली, त्याचंच नाव पंचांग बघणाऱ्यांना माहीत नाही.

त्यांच्यानंतर जावजी दादाजी. लहानपणी त्याच मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला होते, पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर काढला. निर्णयसागरच्या संस्कृत पोथ्यांची अक्षरं आजही बघणाऱ्याला खिळवून ठेवतात, पण त्या अक्षरांचे पंच, म्हणजे खिळ्यांचे साचे ज्यावरून होतात ते पोलादी ठसे, कापणारे राणोजी रावजी आरू, त्यांचं नाव किती जणांनी ऐकलंय? मालकाचं नाव पुस्तकावर छापलं जातं, कारागिराचं नाही. त्यामुळे शोध घेताना नेहमी विचारा, या वस्तूमधलं सगळ्यात अवघड काम कोणतं आणि ते प्रत्यक्ष कोणाच्या हातांनी झालं. देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी शिशाची अक्षरं, पाडणं हे भयंकर अवघड काम आहे, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरं, सगळं शिशात ओतायचं आणि जुळाऱ्याला (कंपोझिटरला) जुळवता आलं पाहिजे, एका अक्षराचा कान जरा वर गेला तरी सबंध ओळ वाकडी दिसते.

पुरावा शोधायचा तर पेटंटपासून सुरू करा, हे फुकट आहे आणि घरबसल्या होतं. गूगल पेटंट्स आणि युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पेसनेट, दोन्हीकडे शंभर वर्षांपूर्वीची पेटंटंही सापडतात. शंकर आबाजी भिसे हे नाव टाकून बघा. इंग्रजीत त्यांचं आडनाव शेवटी वाय लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे लिहिलेलं आहे, दोन्ही टाका, आद्याक्षरं टाकून पण बघा, नावापुढे डॉक्टर लावलेलं असू शकतं. पेटंट सापडलं की पहिली चित्रं बघा, मग शेवटची कलमं वाचा ज्यात नवीन नेमकं काय आहे ते लिहिलेलं असतं, आणि साक्षीदारांची नावं व पत्ता टिपून घ्या, त्या पत्त्यावरून माणूस त्या साली कुठल्या शहरात होता ते कळतं.

भिशांबद्दल जरा जास्त लिहितो कारण मराठी घरात हे नाव न माहीत असणं मला खरंच दुखतं. १८६७ मध्ये मुंबईत जन्म, सरकारी कचेरीत नोकरी, आणि डोक्यात सतत यंत्रं. लंडनच्या एका नियतकालिकाने घेतलेल्या स्पर्धेत त्यांच्या माल आपोआप तोलणाऱ्या यंत्राचा आराखडा जिंकला. मग लंडनला गेले, तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना धरून ठेवलं, पैसे दिले, लोकांना भेटवलं. त्यांचं मोठं काम म्हणजे भिसोटाइप, छपाईचे खिळे झपाट्याने ओतणारं यंत्र. तेव्हा लायनोटाइप आणि मोनोटाइप या बलाढ्य यंत्रांनी बाजार धरलेला, त्यांच्यासमोर हा एकटा माणूस उभा. दादाभाईंचा पैसा पुरेना, दुसरे पैसेवाले मध्येच गळाले, भारतात परत यायची वेळ आली, मग गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या ओळखीने सर रतन टाटा (जमशेटजींचे धाकटे चिरंजीव) मदतीला आले आणि टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट निघालं. तेही पहिल्या महायुद्धाच्या काळात बंद पडलं. भिसे न्यूयॉर्कला गेले, तिथे पुन्हा टाइप ओतायच्या यंत्राची कंपनी काढली, आयोडिनचं अ‍ॅटोमिडीन नावाचं औषध काढलं, ‘भारताचा एडिसन’ म्हणून नाव झालं, खुद्द एडिसनला भेटले, आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्येच गेले.

या गोष्टीत बुद्धी कुठेच कमी पडलेली दिसत नाही. दर वळणावर अडतं ते भांडवलाशी. म्हणून तुमच्या संशोधकाचं लिहिताना पैशाचा रकाना वेगळा ठेवा, पहिला पैसा कोणाचा, दुसरा कोणाचा, कोणत्या साली थांबला, कशामुळे. ‘कलियुगात गुणाची कदर नाही’ असं वाक्य लिहून टाकलं की हा सगळा शोध तिथेच संपतो, वाचणाऱ्याला कळतच नाही की युद्ध झालं, कंपनी मोडली, आणि टाइप ओतणारं यंत्र बनवायला वर्षानुवर्षं पैसा ओतावा लागतो.

पेटंट सापडलं नाही म्हणून शोध नव्हता असं मात्र समजू नका, ही फार मोठी गफलत होते. भारतात पेटंटचा पहिला कायदा १८५६ चा, आणि पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांचा, पंखा ओढायच्या यंत्रासाठी. अर्ज कलकत्त्याला सरकारकडे, इंग्रजीत, वर्णन आणि आराखड्यासकट. मुंबईच्या पंच कापणाऱ्या कारागिराला हे कितपत शक्य होतं याचा तुम्हीच अंदाज करा. गणपत कृष्णाजींच्या १८३१ च्या वेळी तर कायदाच नव्हता. अशा माणसांसाठी वाट वेगळी, वर्तमानपत्रं आणि जाहिराती. ज्ञानप्रकाश १८४९ पासून, इंदुप्रकाश १८६२ पासून, केसरी १८८१ पासून, आणि माझा अनुभव असा की बातमीपेक्षा जाहिरातीच जास्त कामाच्या, त्यात किंमत असते, दुकानाचा पत्ता असतो, ‘आम्ही नवीन तयार केलेले’ असं वस्तूचं वर्णन असतं. १९०१ पासून काँग्रेसच्या अधिवेशनाबरोबर औद्योगिक प्रदर्शनं भरायची, त्यांचे कॅटलॉग आणि बक्षिसांच्या याद्या मिळाल्या तर सोडू नका.

कुठे जायचं? दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ. गोव्याचा विषय असेल तर पणजीचं सेंट्रल लायब्ररी, भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यातच आला हे विसरू नका. दादाभाईंचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि अभिलेखागाराचं अभिलेख पटल नावाचं पोर्टल आहे, त्यावर घरून शोधता येतं. अमेरिका-इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर हे काम मनावर घ्यायलाच हवं, भिशांचं आयुष्यच तिकडे गेलं, तिकडची जुनी वर्तमानपत्रं त्यांना सहज बघता येतात. लायब्ररीत जाताना विषय सांगू नका, नेमकं साल आणि नेमकं नाव सांगा, तिथली माणसं मग मनापासून मदत करतात.

आता तपासणी, यात ढिलाई चालणार नाही. साधा नियम असा की त्या माणसाच्या हयातीतला, त्याच्याशी घरोबा नसलेल्या कोणीतरी लिहिलेला निदान एक कागद हवा. शिवकर बापूजी तळपदे यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं म्हणतात. तळपदे खरे होते, वेदांचे अभ्यासक होते, पण त्या उड्डाणाचा त्या काळातला ठोस पुरावा आजवर पुढे आलेला नाही. त्यांच्या नावाशी ज्या वैमानिक शास्त्राचं नाव जोडलं जातं तो मजकूर सुब्बराय शास्त्रींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोंडी सांगून लिहवून घेतलेला आहे, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये तपासून लिहिलं की हा ग्रंथ १९०४ च्या मागे जात नाही आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत. मला यात वाईट कशाचं वाटतं तर एका न सिद्ध झालेल्या उड्डाणावर आपण इतकं भांडतो, आणि त्याच मुंबईत जन्मलेल्या भिशांची पेटंटं सही-शिक्क्यानिशी पडून आहेत ती कोणी उघडत नाही. ‘जगात पहिला’ हा शब्द तर पूर्णपणे बाजूला ठेवा. ‘अमुक साली, अमुक ठिकाणी, अमुक केलं’ एवढंच लिहा, पुराव्याला तेवढं पुरतं आणि माणूसही त्याने लहान होत नाही.

जिवंत किंवा नुकत्याच गेलेल्या माणसाबद्दल लिहीत असाल तर रीत बदलते. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, दीड एकराचा शेतकरी, १९८३ मध्ये स्वतःच्या धानात वेगळ्या दिसलेल्या तीन लोंब्या त्यांनी बाजूला काढल्या, जपल्या, वाढवल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव त्या तांदळाला पडलं. पुढे अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठानं (पीकेव्ही) तोच वाण पीकेव्ही एचएमटी म्हणून आणला. २०१८ मध्ये ते गेले, तांदूळ मात्र आजही घरोघरी शिजतोय. अशा माणसाकडे किंवा त्यांच्या घरी गेलात तर ‘तुम्ही काय शोध लावला’ असं विचारू नका, कोणीच उत्तर देत नाही, लाजतात. आधी हे काम कसं व्हायचं, तुम्ही काय बदललं, पहिलं कोणाला दिलं, त्याने काय म्हटलं, कितीला विकलं, असं विचारा. वस्तू असेल तर चारी बाजूंनी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, नंबरपाटी असेल तर ती वेगळी. बिलं, पावत्या, लेटरहेड, बियाणं दिल्याच्या नोंदी, मुलांच्या वहीमागचे हिशोबसुद्धा. ओढून मागू नका, तिथेच मोबाइलवर फोटो घ्या आणि कागद त्यांच्याकडेच राहू द्या. गुजरातमधलं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन अशा तळागाळातल्या शोधांची नोंद करतं, खोब्रागड्यांना त्यांनीच पुरस्कार दिला होता, त्यामुळे माणूस हयात असेल तर लेख लिहायच्या आधी तिकडे अर्ज करायला मदत करा, लेख नंतर झाला तरी चालेल.

लिहायला बसलात की युगांचं काय करायचं? माझं म्हणणं, हवं तर जरूर आणा, पण माणूस स्वतः तसा विचार करत होता का ते बघून. पंचांग छापणाऱ्याच्या गोष्टीत गतकली येणारच, तो त्याचा माल आहे. पेटंटवाल्याच्या गोष्टीत ते तुम्ही बाहेरून आणताय. आणि आणलंच तर मूळ पुराणात काय आहे ते वाचून आणा, कोणीतरी फॉरवर्ड केलेल्या मेसेजवरून नको. काही जणांनी युगांचा क्रमच नव्याने लावलाय, युक्तेश्वर गिरींनी १८९४ मध्ये २४,००० वर्षांचं चढतं-उतरतं चक्र मांडलं आणि आपण चढत्या द्वापारात आहोत, म्हणून वीज-यंत्रं आलीत, असं म्हटलं. हे एका विचारवंताचं मत म्हणून त्याच्या नावानिशी सांगा, शास्त्राचं मत म्हणून नको.

लेखाच्या सुरुवातीलाच शके आणि इसवी सन दोन्ही द्या. प्रत्येक विधानाला कागद कोणता ते तिथल्या तिथे सांगा. लेखक वारून ६० वर्षं झाली की त्याचा मजकूर आपल्याकडे कॉपीराइटमधून मोकळा होतो, त्यामुळे जुन्या बातम्यांचे उतारे बिनधास्त पूर्ण द्या, तुकडे करून नको. मग मराठी विकिपीडियावर पान करा, फोटो विकिमीडिया कॉमन्सवर चढवा. आणि छापून एक प्रत गावच्या वाचनालयात, एक मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात द्या, पोच मागून घ्या, वर्षभराने जाऊन कॅटलॉगमध्ये नाव चढलंय का बघा, नसेल चढलं तर ग्रंथपालांना पुन्हा विचारा.